कॅप्टनला बाहेर काढलं तेव्हा

आमच्या घरात तीन माणसांची कामं अशी आहेत की ती नातेवाइकांना एका दमात सांगता येत नाहीत. मी फुटबॉलची कोच. नवरा खेळांचं मराठी समालोचन करतो, फुटबॉल आणि कबड्डीचं जास्त. आणि माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, माहितीपट करते. ती राहते गिरगावात, पण जेवते बहुतेक वेळा आमच्याकडे दादरला. आमचं सगळं गोत बँक, विमा आणि मंत्रालय यांत चिकटलेलं. मुंजीच्या पंगतीत कोणीतरी काका ताटातून मान वर करून विचारतातच, "तू अजून शाळेत पी.टी. घेतेस ना गं?" पूर्वी मी समजावून सांगायचे. हल्ली "हो" म्हणते आणि मठ्ठा मागून घेते. नवऱ्याला विचारतात, क्रिकेटचं का नाही करत. भाचीला विचारतात, लग्नाची शूटिंगं घेतेस का.

मागे एका मोसमात एकाच मॅचला आम्ही तिघंही आपापल्या कामावर होतो. त्या मॅचबद्दल लोक मला अजून विचारतात आणि मी विषय बदलते. इथे मी कोणाचंच नाव घेणार नाहीये, ना माणसांचं ना क्लबचं, म्हणून सांगते.

लालबाग-परळमधला आमचा क्लब जुना. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर माणसं खेळायची, त्यातून तो उभा राहिला. आता भोवती टॉवर झाले तरी क्लबची खोली व्यायामशाळेच्या मागे आहे तिथेच आहे. आत एक कॅरम, भिंतीवर ढाली, आणि कार्यकारिणीतले काही सभासद जे खोलीबरोबरच आले असावेत. मी तिथे बरीच वर्षं सहायक कोच होते. सहायक म्हणजे सरावाचे शंकू मांडायचे, जर्सीवर घालायच्या रंगीत बिब्ज घरी नेऊन धुवायच्या आणि मुख्य कोच बोलत असताना मान हलवायची. कोचिंगचं लायसन्स माझं त्यांच्यापेक्षा वरचं होतं, पण ते उठून दाखवायची पद्धत नव्हती.

मग मोसमाच्या मध्येच मुख्य कोचना आखातातल्या कुठल्याशा अकादमीत काम मिळालं आणि ते गेले. भर मोसमात दुसरा माणूस मिळेना. चिटणीस मला म्हणाले, "लीग संपेपर्यंत मॅडम तुम्ही बघा. वरच्या गटात गेलो तर पुढेही तुम्हीच. नाहीतर मग बघू." त्यांचं "मग बघू" म्हणजे काय ते मला पुरतं माहीत होतं.

मला ती जागा हवी होती. फार हवी होती. पुरुषांच्या संघाला मुख्य कोच बाई, असं आमच्या भागात तरी मी पाहिलेलं नव्हतं. चाळिशी उलटलेली होती, आणि ही संधी हातची गेली तर परत येणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. रोज संध्याकाळी मैदानाच्या आमच्या वाट्याच्या कोपऱ्यात, क्रिकेटच्या नेटचे चेंडू चुकवत, मी त्या पोरांना दमवत होते. पहिल्या आठवड्यात काहीजण माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. पुढे ते थांबलं. आम्ही जिंकायला लागलो, एवढंच त्याचं कारण.

मी मॅच बघते तेव्हा बॉल बघत नाही. बॉलकडे बाकी सगळे बघत असतातच. ज्याच्याकडे बॉल नाही तो काय करतोय, उभा राहिलाय की जागा करून देतोय, ते मी बघते. नवऱ्याचं उलट. बॉलवरून नजर हटली की त्याची गाडी घसरली. त्यामुळे घरी टीव्हीवर आम्ही एका सोफ्यावर बसून दोन वेगळ्या मॅच बघतो आणि अर्ध्या तासात भांडतो. तो म्हणतो, "अगं, गोल झाला, तू कुठे बघत होतीस?" मी म्हणते, तो गोल आधीच झाला होता, लेफ्ट बॅक झोपला तेव्हाच. भाची मात्र दोन्ही बघत नाही. त्या वर्षी तिने आमच्या क्लबवर फिल्म करायला घेतली होती, आणि मॅच चालू असताना तिचा कॅमेरा मैदानाकडे पाठ करून उभा असायचा. तिला बाकावरचे चेहरे हवे असायचे. माझा चेहरा तर इतका टिपलाय की मी नखं खाते हे मला त्या फिल्ममुळे कळलं.

आमचा कॅप्टन मधल्या फळीत खेळायचा. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला. चाळीच्या जागी टॉवर व्हायचा म्हणून घरचे वडाळ्याला भाड्याने राहायला गेले होते. सकाळी शिवडीच्या एका गोदामात कामाला जायचा आणि संध्याकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. फार बोलायचा नाही. बॉल पायात आला की मान वर, आणि मग सगळा संघ शांत व्हायचा. असा खेळाडू कोचच्या वाट्याला वारंवार येत नाही, आणि माझ्या वाट्याला तर आलाच नव्हता. गोव्याकडच्या एका मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला शेवटच्या मॅचला येणार होती. त्याच मॅचवर आमचं वरच्या गटात जाणं ठरायचं होतं. बरोबरी झाली तरी चाललं असतं.

मॅच रविवारी, आणि त्या आधीच्या गुरुवारी सरावात त्याचा गुडघा मुरगळला. त्याने कोणाला कळू दिलं नाही. मैदानावरून नीट चालत गेला, आणि तासाभराने दादरला आमच्या दारात उभा. पायरी चढताना कठड्याला धरून आला होता. नवऱ्याने फ्रिजमधला बर्फ पंचात गुंडाळून दिला. मी गुडघा दाबून बघितला तेव्हा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी परळला माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. भाची कॅमेरा घेऊन मागे आलीच. मी नको म्हणणार होते, पण पोरगाच म्हणाला, "असू दे मॅम, ताईंचं काम आहे." बाईंनी पाय वाकवून, फिरवून, सगळीकडून पाहिला. लिगामेंट ताणलंय, फाटलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. पट्टी बांधून खेळू शकेल. पण गुडघा जड व्हायला लागला की त्या क्षणी बाहेर यायचं, त्यानंतर एकसुद्धा वळण घ्यायचं नाही. घेतलं आणि फाटलं तर वर्ष गेलंच असं समजा.

"मॅम, कोणाला सांगू नका," तो म्हणाला. "एकदा गुडघा म्हटलं ना, की संपलं. आमच्या गल्लीतला एक जण होता. नंतर एकदम फिट झाला, तरी सगळे त्याला गुडघाच म्हणायचे. कोणी घेतला नाही."

हे खरं होतं. आमच्या धंद्यात नाव एकदा पडलं की पुसत नाही. मी क्लबातही बोलले नाही, कारण कार्यकारिणीला दुपारी सांगितलेलं संध्याकाळी लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत पोचतं. मग आम्ही दोघांनी ठरवलं. गुडघा जड वाटला की त्याने डावा मोजा खाली ओढायचा. मी काही न विचारता त्याला बदलणार. आणि बाहेर येताना त्याने चिडायचं, म्हणजे कॅप्टनला दुखापत झाली असं कोणाला वाटायला नको. बाईला खेळ कळत नाही असं वाटलं तर वाटू दे. तसंही निम्म्या लोकांना ते आधीपासून वाटतच होतं.

"आणि हरलो तर मॅम?" त्याने विचारलं. "तुमचं काय?"

"हरत नाही आपण," मी म्हणाले.

हे सगळं भाचीच्या कॅमेऱ्यात गेलं. तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. इतके महिने तो कॅमेरा आमच्या मागे होता की त्याच्या समोर आपण काय बोलतो हे आम्ही बघेनासे झालो होतो.

नवरा एरवी माझ्या मॅचचं समालोचन घेत नाही. त्या रविवारी दुसरा समालोचक डेंग्यूने पडला आणि आयत्या वेळी माणूस मिळेना. मॅच फोनवर लाइव्ह जाणार होती, मराठीत. हे लोक मैदानावर येतच नाहीत. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात त्यांचा स्टुडिओ आहे, तिथे काचेच्या खोलीत बसून पडद्यावर बघून बोलतात. मैदान टॅक्सीने जवळ, तरी पडद्यावरच बघायचं. सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "मला गुडघ्याचं माहीत आहे. मी नाही म्हणून सांगू का?" मी म्हटलं, बोल, पण घरचं माइकवर न्यायचं नाही. तो आमचा जुनाच नियम आहे. तो हसला आणि आंघोळीला गेला.

पूर्वार्ध चांगला गेला. कॅप्टनच्या पासवर आम्ही एक गोल केला. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली कार्यकारिणी खूश होती, कोणीतरी शेंगदाण्याच्या पुड्या फिरवत होतं. समोरच्या बाजूला गोव्याची दोन माणसं टोप्या घालून बसली होती. उत्तरार्धात समोरच्या संघाने जोर केला, पण कॅप्टन बॉल धरून ठेवत होता आणि आमची पोरं श्वास घेत होती. मग एक फाउल झाला, खेळ थांबला, आणि तो वाकून उभा राहिला. त्याने डावा मोजा घोट्यापर्यंत ओढला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी बदलीचा बोर्ड वर करायला सांगितला.

मागच्या खुर्च्या एकदम सरकल्या. "मॅडम, कोणाला काढताय?" कोणीतरी ओरडलं. "अरे कोणाला काढतायत बघा." कॅप्टन चालत आला, पळत नाही. दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून त्याने गोलकीपरकडे फेकली. माझा पुढे केलेला हात तसाच ठेवून तो माझ्या बाजूने गेला आणि पाण्याची बाटली त्याने लाथेने उडवली. आमचं ठरलं होतं ते चिडायचं एवढंच, त्यात बाटली नव्हती. नाटक त्याने उत्तम केलं. त्यात खरं किती होतं ते मी आजही सांगू शकत नाही.

तो गेल्यावर मधली फळी उघडी पडली. बरोबरी झाली, तीही चालली असती. मग अगदी शेवटी कॉर्नरवरून दुसरा गोल. आम्ही हरलो.

क्लबच्या खोलीत मंगळवारी बैठक झाली. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही, हे सांगायला हवं. चहा आला, बिस्किटं आली. कार्यकारिणीतल्या सगळ्यात वयस्कर काकांनी, ज्यांनी मला क्लबात पहिल्यांदा येताना पाहिलं होतं, माझ्याकडे न बघता म्हटलं, "आमका फुटबॉलातला फारसा कळणा नाय मॅडम. पण त्या पोराक काढूक नको होतां." चिटणीसांनी विचारलं, "का काढलंत? काही कारण असेल तर सांगा, आम्ही ऐकतो." ते खरोखर ऐकायला तयार होते. मी म्हटलं, तो दमल्यासारखा वाटला. ते कोणालाच पटलं नाही, कारण तो पोरगा कधी दमत नाही हे त्या खोलीतल्या कॅरमलाही माहीत होतं. पुढच्या मोसमासाठी ठाण्याहून एक कोच आणला. मला तेरा वर्षांखालच्या मुलांचा संघ दिला. लहान मुलांना बाई बरी, असं कोणीतरी म्हणालं, आणि तो मला सन्मान वाटावा अशी त्यांची खरंच इच्छा होती.

मी तो संघ घेतला. सकाळी दादरच्या शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायचे, संध्याकाळी ही लहान मुलं. शेजारच्या कोपऱ्यात नवीन कोच माझ्या संघाला शिकवायचा. माझ्या संघाला असं लिहिलं, पण आता तो माझा नव्हता. त्या दिवसांत मला इतका राग यायचा की मी भाजी चिरतानासुद्धा नवऱ्याशी भांडायचे. तो बिचारा कोथिंबीर निवडत राहायचा.

पोरगा महिन्याभरात बरा झाला. गोव्याच्या लोकांना त्याने पहिल्या तासात जे केलं तेवढं पुरलं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गुडघा ठणठणीत होता. करार झाला. जाण्याआधी पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला, बोलला मात्र फारसं नाही. पुढे कोणत्याशा फोनवरच्या कार्यक्रमात त्याची मुलाखत झाली. त्यात त्या मॅचचं विचारलं तर म्हणाला, "मॅमचा डिसिजन होता. मी रिस्पेक्ट करतो." खेळाडू रिस्पेक्ट करतो म्हणाला की मला पटलं नव्हतं असा त्याचा अर्थ होतो, हे सगळ्यांना कळतं. बरोबरच बोलला. दर गुरुपौर्णिमेला त्याचा हात जोडल्याचा मेसेज येतो.

फिल्म जुळवायला भाचीला वर्ष लागलं. गिरगावात तिच्या खोलीत पंखा बंद, खिडकीला जाड चादर, आणि ती दिवसदिवस कानाला हेडफोन लावून बसलेली. शेवटी एक दिवस तिने आम्हा दोघांना दाखवायला बोलावलं. मी जाताना बटाटेवडे घेऊन गेले होते, ते तसेच राहिले.

फिजिओबाईंच्या खोलीतला प्रसंग पूर्ण होता. गुडघा, पट्टी, "एकदा गुडघा म्हटलं ना की संपलं," मोज्याची खूण, "तुमचं काय मॅम?", सगळं. त्यानंतर मॅच, लाइव्हच्या चित्रणातून घेतलेली. तो वाकतो, मोजा ओढतो, बोर्ड वर होतो, बाटली उडते. आणि त्या दृश्यावर तिने लाइव्हचा आवाज लावला होता. जोडीचा समालोचक म्हणत होता, "हे काय? कॅप्टनला काढलं? काय विचार असेल?" आणि मग माझ्या नवऱ्याचा आवाज, खणखणीत, "मला विचाराल तर हा निर्णय अजिबात समजलेला नाही. सामना हातात असताना आपल्या सर्वोत्तम खेळाडूला बाहेर बसवणं, ही प्रशिक्षकांची मोठी चूक ठरू शकते."

मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. मॅचचं रेकॉर्डिंग मी नेहमी आवाज बंद करून बघते, ती माझी जुनी सवय. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पडद्याकडेच बघत होता.

"छान बोललास," मी म्हणाले.

"दुसरं काय बोलणार होतो? कानात प्रोड्यूसर ओरडत होता, बोला बोला म्हणून."

"जरासुद्धा अडखळला नाहीस."

"अडखळलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, का अडखळला. सगळ्यांना माहीत आहे मी तुझा नवरा आहे ते."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी पटलं, आणि तरी मला वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी होतं हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मलाही वाटलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या पानात वाढताना वाटलं होतं." मग आम्ही त्या विषयावर परत बोललो नाही.

भाचीचा चेहरा मात्र फुललेला होता. "मावशी, हीच फिल्म आहे. लोकांना शेवटी कळतं. क्लबवाल्यांना कळेल. तुला परत बोलावतील, बघ तू."

ती म्हणत होती ते होण्यासारखं होतं. ठाण्याच्या कोचचं काही जमत नव्हतं, संघ आहे तिथेच होता. मी वर्षभर खाल्लेली बोलणी त्या एका प्रसंगात धुऊन निघाली असती. मी खोटं कशाला बोलू, ते मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं.

"तो प्रसंग काढ," मी म्हणाले.

ती आधी हसली. मग तिला कळलं. "त्याने तेव्हा हो म्हटलं होतं, मावशी. शूट करायला."

"तेव्हा तो कशालाही हो म्हणाला असता. त्याला आता संघात जागा मिळायला लागलीय. एक मॅच वाईट गेली की तिकडे म्हणतील, अरे हा तो गुडघेवाला."

"मग त्याला विचारूया ना. त्यालाच ठरवू दे."

"विचारायचं नाही. मी त्याची कोच होते. मी विचारलं तर तो नाही म्हणूच शकणार नाही."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तो प्रसंग काढला तर माझ्या फिल्ममध्ये उरतं काय? तू फक्त हरलेली कोच उरतेस."

"हरलेच होते की," मी म्हणाले.

तिच्यासाठी हे सोपं नव्हतं. दोन वर्षांचं काम, आणि त्यातला गाभा मी उचलून बाजूला ठेवायला सांगत होते. तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मावशीचा निर्णय." भाची आमच्याकडे जेवायला यायची बंद झाली. गणपतीत आली, मोदक खाल्ले, आणि जाताना दारात म्हणाली, "काढला." मी तिचा हात दाबला.

फिल्मचा पहिला खेळ गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी ठेवला. लालबागहून निम्मा क्लब बायकामुलांसकट आला. पडद्यावर कोणी ओळखीचं दिसलं की टाळ्या आणि शिट्ट्या. आमचे वयस्कर काका कॅरम खेळताना दिसले तेव्हा तर सगळं सभागृह हसलं. कॅप्टनही आला होता. सुट्टीवर मुंबईत होता, त्याच्या नव्या क्लबचं जॅकेट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. आधी लहान मुलांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. त्याला माहीत नव्हतं भाचीने काय ठेवलंय आणि काय काढलंय. मी बाजूच्या रांगेतून त्याला बघत होते. शेवटची मॅच सुरू झाली तसा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. मोजा ओढला गेला, बोर्ड वर झाला, नवऱ्याचा आवाज आला, बाटली उडाली. फिजिओबाईंची खोली आलीच नाही. फिल्म संपेपर्यंत तो हळूहळू मागे टेकला.

नंतर आम्हाला स्टेजवर बसवलं. सूत्रसंचालन अर्थातच नवऱ्याकडे, असले प्रसंग आमच्या घरात तोच निभावतो. भाचीला लोकांनी कॅमेऱ्याचं विचारलं, पैशांचं विचारलं. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मॅडमना एक प्रश्न. राग मानू नका. फिल्म बघितली, तरी अजून कळलं नाही. कॅप्टनला का काढलंत?"

सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, घरचं हसणं होतं. नवऱ्याने सूत्रसंचालक करतात तसा प्रश्न नीट परत सांगितला आणि माइक माझ्या हातात दिला.

तिसऱ्या रांगेत तो बसला होता, माझ्या अगदी समोर. त्याचा करार नुकताच वाढवला होता, हे त्याने सगळ्यांना बाहेर सांगितलं होतं. आता एखाद्या गुडघ्याने त्याचं काही बिघडलं नसतं. कदाचित थोडं बिघडलं असतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी थांबले. लोकांना वाटलं मी आठवतेय.

"मला तेव्हा वाटलं तो दमलाय," मी म्हणाले. "चुकलं माझं."

टाळ्या वाजल्या. मनापासून वाजल्या, कारण चूक कबूल करणारा कोच लोकांना आवडतो. कार्यकारिणीतले काका मान हलवत होते, चिटणीस हसत होते. आणि तिसऱ्या रांगेत तोही टाळ्या वाजवत होता.

बाहेर आल्यावर त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, गुडघा कसा आहे असं न विचारता जेवतोस ना नीट, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग त्याच्याभोवती परत पोरं जमली.

टॅक्सीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, सांगितलेलं इतकं तंतोतंत पाळणारा खेळाडू मला दुसरा मिळाला नाही. भायखळा गेलं. लालबागच्या पुलावर मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ बारीक केला.

"तो तिथे उठून खरं बोलला असता तर तू त्याच्यावर चिडली असतीस," नवरा म्हणाला.

"चिडले असतेच," मी म्हणाले. "पण उठायला हवा होता."